नवव्या घराचा वाटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, पण अर्धंच, आणि जे तिला माहीत नाही तेच जास्त वाईट आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तरी सांगतो.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. सोलापुरात एखाद्या लग्नाला गेलात आणि उष्ट्या ताटांच्या टबाशेजारी एक टकला म्हातारा लोकांना सुनावताना दिसला, तर तो मी. मला कुणी तिथे उभं केलेलं नसतं. मी आपणहून उभा राहतो. "अहो साहेब, हे दोन गुलाबजाम कुणासाठी ठेवले?" असं चारचौघांत विचारतो. माणूस ओशाळतो, ताट घेऊन मागे फिरतो, आणि मला बरं वाटतं. का वाटू नये? मला या लोकांची किळस येते, आजही येते. रांगेत धक्काबुक्की करून ताटात डोंगर रचायचा, चार घास चिवडायचे, आणि उरलेलं टबात लोटून कागदी रुमालाने तोंड पुसत आइस्क्रीमकडे पळायचं. मटणाच्या पंगतीत तर विचारूच नका. नळी दिसली की दोन उचलणार, एक चोखणार, दुसरी तशीच टाकणार. एका जिवाने मान दिली आहे हो तुमच्या ताटासाठी — पण हे सांगायचं कुणाला? ढेकर देणाऱ्याला ऐकू येत नाही.

तीस वर्षं मास्तरकी केली. शाळेत खिचडीचं ताट चाटूनपुसून साफ केल्याशिवाय एकाही पोराला उठू दिलं नाही. एका पोरीने ताटाखाली दडवलेले वाटाणे मी तिला मोजून खायला लावले होते. ती रडत खात होती आणि मी तिला अन्न हे पूर्णब्रह्म कसं ते समजावत होतो. गल्लीत मला मान होता तो याच कडकपणामुळे. सर खोटं बोलायचे नाहीत, सर एक शीत वाया घालवायचे नाहीत. लोकांची अक्कल ही अशी असते. माणूस मोठ्याने बोलला की तो खरा वाटतो त्यांना.

तर — ती टाळेबंदी. सोलापूरकराला रविवारी मटण नसेल तर तो रविवारच वाटत नाही. आणि त्या उन्हाळ्यात खाटकांची दुकानं बंद, जनावरांचे बाजार बंद. पहिला आठवडा लोकांनी अंड्यांवर काढला. दुसऱ्या आठवड्यात तोंडं उतरली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतली मोठी माणसं मटणाच्या आठवणी काढून उसासे टाकायला लागली. शी! बाहेर माणसं मरत होती आणि यांना नळी आठवत होती. मलाही आठवत होती, हे उघडच आहे.

शेवटी दत्ताने जमवलं. दत्ता आमच्या गल्लीतला, दुधाचा टेम्पो चालवायचा. दुधाच्या गाड्यांना मुभा होती. सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाकडून त्याने बोकड आणलं, कॅनच्या मागे लपवून. नऊ घरांनी मिळून ते घेतलं. कापायचं दत्तानेच, मोबदल्यात मुंडी-पाय त्याचे, आणि उरलेल्याचे नऊ वाटे.

वाटे घालायची आमची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. ताडपत्री पसरून मटणाचे सारखे ढीग घालायचे. पण ढीग कितीही सारखे केले तरी सारखे होत नाहीत. काळीज एवढंसं, ते सगळ्यांना कसं पुरणार? म्हणून एका माणसाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्याने एक नाव घ्यायचं. ज्याच्या नशिबात जे असेल ते. मग कुणी कुरकुर करायची नाही. नळी आली तरी तुझी, नुसती चरबी आली तरी तुझी. या रीतीवर गावंच्या गावं भांडण न करता मटण खात आली आहेत. तिला लागतो फक्त एक माणूस, पाठमोरा आणि प्रामाणिक. आमच्या गल्लीने एकमताने मला उभं केलं.

गर्दी नको म्हणून बाकीचे आपापल्या दारात थांबले होते, ताडपत्रीजवळ फक्त दत्ता आणि मी. मी पाठ केली. समोर भिंत होती, आणि भिंतीला टेकवलेली कुणाचीशी मोटरसायकल. पहिली तीन नावं मी खरोखर डोळे झाकून घेतली. हे सांगून मला काय मिळवायचंय? काही नाही, पण घेतली हे खरं आहे. मग डोळे उघडले तर गाडीच्या आरशात ताडपत्रीचा कोपरा दिसला. दत्ताचं बोट दिसलं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी घसा खाकरला आणि अर्धं पाऊल उजवीकडे सरकलो. आता सगळे ढीग दिसायला लागले.

एका ढिगात काळजाचा मोठा तुकडा होता, बरगड्या होत्या आणि दोन नळ्या. त्यावर बोट आलं तेव्हा मी माझं नाव घेतलं. लगेच नाही घेतलं — जरा थांबलो, विचार केल्यासारखं केलं. आणि कडेला एक ढीग होता, छिछडं, चरबी आणि मानेची हाडं. दत्ताला कापायची सवय नव्हती, शेवटी उरलंसुरलं त्यात लोटलं होतं त्याने. त्या ढिगावर बोट आलं तेव्हा मी म्हणालो, नरसम्मा.

का नरसम्मा? तोंडात आलं म्हणून नाही. नरसम्मा आमच्या समोरच्या घरातली, तेलुगू विणकरांपैकी. नवरा वारलेला, माग बंद पडलेले, घरात ती आणि बाळंतपणाला आलेली लेक. बाळ महिन्याचं झालं होतं. लेक टाळेबंदीत इथेच अडकली होती. दुसऱ्या कुणाला तो ढीग दिला असता तर त्याने निदान तोंड वाकडं केलं असतं. नरसम्मा काही बोलणार नाही, हे मी त्या अर्ध्या क्षणात मोजलं होतं. आणि खरंच, तिने पातेल्यात ते गोळा केलं, मला हात जोडले आणि गेली. आपला हात जगन्नाथ म्हणतात ते हे.

मी मटण घेऊन घरी आलो, आणि मंगल — माझी बायको — ते धुवायला घेणार एवढ्यात मोडनिंबहून फोन आला. आमचे चुलते गेले. सख्खे नाहीत, भावकीतले, पण सुतक ते सुतक. दहा दिवस घरात मटण शिजणार नव्हतं.

मंगल बाई साधी. ती लगेच म्हणाली, "नरसम्माकडं द्या की. पोरगी वली बाळंतीण हाय. अळणी तरी होईल तिला." तिखट-मसाला घालायच्या आधीचं मटणाचं पाणी, त्याला आमच्याकडे अळणी म्हणतात. बाळंतिणीला तेच देतात.

किती सोपं होतं! सगळं तिथेच धुऊन निघालं असतं. पण नरसम्माने पातेल्यात पाहिलं असतं — हे काळीज, या नळ्या — आणि तिच्या वाट्याला सकाळी छिछडं आलं होतं. ती काही बोलली नसती. पण तिला दिसलं असतं. मी मंगलला म्हणालो, "सुतकाच्या घरचं कुणी घेत नसतं." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. रीत मोडायची नाही, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि मी त्याचाच वापर केला.

मटण फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गेलं. तिसऱ्या दिवशी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुरुस्तीला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तोवर फ्रीज उघडवत नव्हता. त्याच्या पुढच्या दुपारी, गल्ली दारं लावून पडलेली असताना, मी ते सगळं काळ्या पिशवीत घातलं आणि बंद मागाच्या शेडमागे टाकून आलो. एका जिवाने मान दिली म्हणणारा मी. हात साबणाने तीनदा धुतले.

संध्याकाळी कुत्र्यांनी पिशवी ओढत आणली आणि फाडली ती नेमकी नरसम्माच्या कट्ट्यासमोर. वास सुटला. दत्ता दुधाच्या फेरीवर होता, बाकी सगळी गल्ली नाकाला पदर-रुमाल लावून जमली. एवढ्या टंचाईत एवढं मटण कुणी टाकलं? लोक खरोखर चिडले होते, आणि तो राग रास्त होता. कुणीतरी मला विचारलं, सर, तुमच्याकडे सुतक ना? मी म्हणालो, आमचं तर फोन यायच्या आधीच शिजून संपलं. मंगल दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चोराच्या उलट्या बोंबा! मला भाषण करायची सवय. मी नरसम्माच्या दाराकडे बघून म्हणालो, ज्यांना अन्नाची किंमत नाही त्यांनी वाटा घ्यावाच कशाला. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना तिकडे वळल्या.

नरसम्मा बाहेर आली. वाकून त्या तुकड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, हे आमचं न्हाय. आमच्या वाट्यात काळीज नव्हतंच की."

मी म्हणालो, "ते कुणी बघितलंय?"

बघितलं होतं. त्या गर्दीत तिच्या वाट्यात काय होतं ते पाहिलेला माणूस उभा होता, आणि तोच विचारत होता. लोकांना माझा प्रश्न बिनतोड वाटला. मेंढरं! एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्या बाईच्या घरात बाळंतीण आहे ती काळीज का टाकेल. सर म्हणाले म्हणजे झालं. मी त्यांना तुच्छ मानतो ते उगीच नाही. पण त्यांना एवढं मूर्ख ठेवण्यात माझा हात किती, हे विचारायला तेव्हा मला वेळ नव्हता.

त्यानंतर कुणी नरसम्माशी भांडलं नाही. फक्त बोलणं कमी झालं. दोन-तीन आठवड्यांनी दत्ताने पुन्हा बोकड आणायचं ठरवलं. घरांची यादी माझ्याकडे होती. शनिवारी सकाळी नरसम्मा दारात आली, आत आली नाही. म्हणाली, "सर, ह्या बारीला आमचा वाटा धरा की. पोरीला दूध पुरंना झालंय, लेकरू रडून रडून झोपतंय. लई न्हाय, अळणीपुरतं."

मी काय म्हणालो असेन? नाही म्हणायची तरी हिंमत हवी होती. मी म्हणालो, "बघतो, गल्लीला विचारावं लागेल." ती बरं म्हणाली.

मी गल्लीत कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी नको म्हणालं नसतं, हेही मला ठाऊक होतं. पण यादीत तिचं नाव घालायचं म्हणजे ती त्या दिवशी खरं बोलली होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. एका नावाने माझं पितळ उघडं पडलं असतं. खरंच पडलं असतं का? बहुधा नसतंच. मी तेवढाही धोका घेतला नाही.

रविवारी ताडपत्री पसरली. नरसम्मा पातेलं घेऊन कट्ट्यावर येऊन बसली होती. तिला वाटलं होतं सरांनी विचारलं असेल. मी पाठ करून उभा राहिलो. दत्ता विचारत गेला, मी नावं घेत गेलो, आणि प्रत्येक नावाला ती ऐकत होती. आठ नावं झाली. दत्ता म्हणाला, झालं.

मी वळलो तेव्हा ती कट्ट्यावरून उठत होती. तिने पातेलं पदराखाली घेतलं आणि दार लोटून घेतलं.

मी माझा वाटा घेऊन घरी गेलो. तोवर आमचं सुतक फिटलं होतं. मंगलने काळ्या मसाल्याचा रस्सा केला आणि वाढला. रस्सा चांगला झाला होता. मी दोनदा भात घेतला.