आभाळ तापवणारी आउने

उत्तरेकडच्या लेहतोवारा गावात त्या उन्हाळ्यात आउनेविषयी एकच बोललं जाई : "तिनं भट्टी आधी बांधली, घर मागाहून बांधणार आहे. तूर्तास आभाळ तापवतेय."

बोलणाऱ्यांचा दोष नव्हता. तळ्याकडे उतरत जाणाऱ्या अंगणात, ना भिंत ना छप्पर अशा उघड्यावर, खोली उबदार ठेवायची विटांची एक थोराड भट्टी उभी होती आणि तिच्या धुराड्यातून रोज सकाळी निळसर धूर निघत होता. शेजारी स्टुलावर आउने बसलेली असे. बसडेपोत आयुष्यभर इंजिनं उघडून निवृत्त झालेली ही बाई विटांकडे अशी बघे, जशी एखादी आजी पाळण्याकडे बघते. पाऊस आला की ताडपत्री भट्टीवर ओढायची आणि स्वतः भिजायची.

शेजारचा उर्पो कुंपणावर रेलून विचारी, "काय गं, आज ढगांना कितपत ऊब पोचली?"

"पोचली असेल. तुझ्या टकलावर बर्फ दिसत नाही."

"बरं, बाकं कुठे टाकणार? सौनात, वाफ घ्यायच्या खोलीत, बाकं लागतातच."

"सौना नाही ही. कारखाना आहे माझा."

"उद्या चार भिंती होतील, आत भट्टी, खाली तळं. सौना नाही तर काय चर्च आहे?"

ती हसे आणि दोन काटक्या आत सरकवी. नव्या भट्टीत एकदम मोठा जाळ केला तर विटा तडकतात. तिला मूठमूठ काटक्यांवर, सावकाश वाळवावं लागतं. शिवाय एवढ्या वजनाचा पाया जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली न्यावा लागतो, नाहीतर गोठताना जमीन फुगते, वसंतात खचते आणि भट्टी कलते. म्हणून आउनेच्या मनात कारखाना म्हणजे ही भट्टी. भिंती हा नुसता तिचा कोट.

तोवर तिचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल होतं. गावातल्या बिघडलेल्या यांत्रिक करवती आणि होड्यांची इंजिनं तिथं सुटी होऊन पडत. मागच्या कोठारात काम करून पाहिलं होतं तिनं. पण हिवाळ्यात लोखंड कातडीला चिकटे आणि बधिर बोटांतून स्क्रू कधी निसटला तेही कळत नसे. टाइस्तो, तिचा नवरा, जंगलात झाडं पाडण्यात हयात घालवलेला अबोल गडी. त्यानं बोलून दाखवलं ते एकदाच, पण कायमचं.

"पावात तू वेलदोडा घालतेस, वास पेट्रोलचा येतो. बस झालं. पहिल्या उणे तीसच्या रात्री तुझ्या त्या खोलीत जमिनीवर वाडगाभर पाणी ठेवू. सकाळी गोठलेलं निघालं तर लोकांची यंत्रं लोकांच्या घरी. या टेबलावर पुन्हा एक नटसुद्धा येणार नाही."

"आणि नाही गोठलं तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही."

"तू एरवी तरी कुठे उघडतोस?" ती म्हणाली खरी, पण हे काम सुटलं तर हातांना दुसरं काय देणार, हे तिला सुचत नव्हतं.

शरदात भिंती चढल्या. दुहेरी फळ्यांमध्ये तिनं लाकडाचा भुसा दाबून दाबून भरला. जिथं पेट्रोल हाताळायचं तिथं जाळ नको, म्हणून भट्टीचं तोंड बाहेरच्या पडवीत ठेवलं आणि धड कारखान्यात. "तोंड गावाकडे, पोट घरात," टाइस्तो म्हणाला. "अगदी उर्पो." यंत्रं आत घेण्यासाठी लागणारं रुंद दार मात्र त्यानं हट्टानं स्वतः केलं. वसंतात पाडलेल्या पाइनच्या फळ्या कापल्या आणि आठवड्याभरात दार उभंही केलं.

डिसेंबरात पारा उणे तीसवर उतरला. आउनेनं संध्याकाळी बर्चच्या ओंडक्यांचा भरपूर जाळ केला, निखारे उरल्यावर धुराड्याची झडप लावली. वाडगा टाइस्तोनं ठेवला, थेट दाराजवळ. तिनं पाहिलं आणि मागच्या कोपऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवली.

सकाळी ती झोपायच्या झग्यावरच बूट चढवून अंगण धावत ओलांडून गेली. पडवीतून आत शिरताच ऊब गालांवर आली. तिनं ऐरणीवर तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला. लोखंड कोमट होतं! डिसेंबरातलं लोखंड, आणि कोमट! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून आलेला टाइस्तो वाडग्यापाशी वाकला. "गोठलंय."

पाण्यावर पापुद्र्याएवढा बर्फ होता. आउने वाडग्याकडे बघत राहिली, मग दाराकडे. हातमोज्यातून लोकरीचा एक धागा तिनं ओढून काढला आणि दोन फळ्यांमधल्या फटीसमोर धरला. धागा आडवा होऊन फडफडू लागला.

"टाइस्तो, विटा मी उन्हाळाभर वाळवल्या. तू ही फळी किती वाळवलीस?"

भट्टीच्या उबेनं ओलं लाकूड आकसलं होतं आणि फळ्याफळ्यांतून बोट जाईल एवढी वाट झाली होती. मागच्या कोपऱ्यातली पाण्याची बादली तिनं उचलून त्याच्यापुढे आणली. त्यानं बोट बुडवलं, काढलं, विजारीला पुसलं आणि घराकडे निघून गेला.

यंत्रं परत न्या, असं लोकांना फोनवर सांगायला गेला, असं तिला वाटलं.

तो परतला तेव्हा एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात त्याचे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जाड बूट, ज्यांना तो कुणाला हात लावू देत नसे. जमिनीवर बसून त्यानं त्यांच्या पट्ट्या कापायला घेतल्या. आउने त्या एकेक करून फटींत ठोकू लागली. शेवटच्या फटीपुढे धागा सरळ लोंबत राहिला, तेव्हा टाइस्तो म्हणाला, "कॉफी इथंच आण."

दुपारी उर्पो आला. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडून तो उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्या पायांमधून पांढरं धुकं आत लोळत आलं. तो चौफेर नजर फिरवत म्हणाला, "अरे वा! मग आउने, आभाळाचं काय झालं? आणि बाकं कुठायत?"

आउनेनं इंजिनावरून मान वर केली.

"आभाळ तापवून झालं, उर्पो. आत ये नाहीतर घरी जा, पण दार लाव!"