सात नंबरच्या विटा

होबार्ट स्टँपरला दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या स्लेट रन वस्तीत फक्त त्याच्या बायकोला, ओमाला ठाऊक होती. तीस वर्षं विटांच्या भट्टीच्या भोकाला डोळा लावून पांढऱ्या आगीत बघायचं म्हणजे काय खायचं काम आहे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. पण बोलला असता तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर कारखान्याचं घरही. केंटकीच्या त्या डोंगरात दुसरं काम होतं कुठे?

तिथली माती खाणीतून दगडासारखी निघे. ती दळायची, मऊ मातीत कालवायची, साच्यात दाबायची, सुकवायची आणि घुमटाच्या भट्टीत आठवडाभर भाजायची. नीट भाजली, तर वितळलेलं पोलादही त्या विटेचं काही वाकडं करू शकत नसे. पुरे झालं हे कळायला आत मातीचे तीन सुळके उभे करत. आच वाढे तसे ते एकामागून एक वाकत; तिसरा वाकला की आग बंद. हा तिसरा सुळका गेली दोन वर्षं ओमाच बघत होती. डबा घेऊन यायची आणि गप्पा मारता मारता भोकात डोकवायची.

"उभा आहे अजून. खा तू भाकर."

"नीट बघ गं."

"माझे डोळे शाबूत आहेत, म्हाताऱ्या. तू आपला घेवडा गीळ मुकाट्याने."

त्या मार्चमध्ये ओमा तापाने फणफणली. सात नंबरची भट्टी शेवटच्या दिवसावर आलेली, आणि होबार्टला भोकातून नुसतं पांढरं धुकं दिसत होतं. विचारणार कुणाला? कोळसा किती जळला याचा अदमास घेऊन त्याने आग बंद केली.

भट्टी निवली, चिणलेलं दार फोडलं. तिथली एक रीत होती. पहिली वीट बाहेर काढण्याआधी भट्टीवाल्याने एकट्याने आत जायचं, तळच्या थरातल्या दोन विटा एकमेकींवर ठोकायच्या आणि निकाल सांगायचा. पक्की वीट घंटेसारखी खणखणते. बाहेर दळणयंत्राचा खडखडाट असायचा, त्यामुळे तो आवाज फक्त त्यालाच ऐकू येई. बाकीचे त्याच्या शब्दावर चालत.

होबार्टने ठोकल्या. बद्द आवाज आला. पुन्हा ठोकल्या, पुन्हा बद्द.

मुकादम प्रूइट दारातून ओरडला, "अरे बोल की! मालगाडी लागलीय."

"खणखणीत आहेत," होबार्ट म्हणाला.

त्या विटा कुठे जातात हे काय त्याला माहीत नव्हतं? नदीकाठच्या पोलादाच्या कारखान्यात, उकळतं पोलाद वाहणाऱ्या डेगींना आतून लावायला. त्याच डेगींच्या खाली त्याचा मुलगा वेंडल काम करत होता.

त्याने घरी येऊन सांगितलं तशी ओमा अंथरुणात उठून बसली. "अरे, मग जा ना, सांग त्यांना!"

"आणि राहायचं कुठे? झाडाखाली?"

ओमाने पांघरूण पुन्हा डोक्यावरून ओढून घेतलं.

रविवारी वेंडल आला. बापाने त्याला परसात नेलं. "नव्या विटांची डेग लागली की तिच्याखाली उभा राहू नकोस. कुणाशी तरी पाळी बदल."

"का पण?"

"बाप सांगतोय म्हणून!"

"म्हातारचळ लागलाय तुला," वेंडल हसला. पण ऐकलं त्याने.

तिसऱ्या आठवड्यात डेगीचा तळ फुटला. खाली आयरा गिअरहार्ट होता. बावीस वर्षांचा, शेजारच्या विधवा लव्हाडाचा एकुलता एक. वेंडलने त्याच्याशीच पाळी बदलली होती.

शवपेटी उघडली नाही. आत उघडण्यासारखं होतंच काय? लव्हाडाने होबार्टचा हात दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, तेवढीच काय ती सुटका.

"होबार्टभाऊ, तुमचा वेंडल फार रडला हो. म्हणाला, पोट दुखतंय सांगून मीच आयराला उभं केलं. त्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. त्या लेकराला काय ठाऊक होतं?"



सोमवारी तो प्रूइटपुढे जाऊन उभा राहिला. "सात नंबरची कच्ची होती. मला दिसत नाही."

प्रूइटने आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगितलंस तर कारखाना बंद पडेल. शंभर घरच्या चुली विझतील. तोंड मिट, आणि शनिवारपर्यंत घर रिकामं कर."

होबार्टने तोंड मिटलं. वेंडल तर काम सोडून कुठे गेला, त्याचा पत्ता नव्हता. शनिवारी सामान रस्त्यावर आलं, तेव्हा लव्हाडा तरातरा चालत आली.

"मी जिवंत असताना रस्त्यावर बसता? लाज नाही वाटत? चला घरी. आयराची खोली रिकामीच आहे."

ओमाने मानेनेच नको म्हटलं. पण जाणार कुठे होते? गेले. होबार्टने दाराशेजारची खुंटी चाचपली आणि आपला कोट अडकवू लागला. तिथे आधीच एक कोट होता.

"राहू दे तो," लव्हाडा म्हणाली. "तुमच्याच मापाचा आहे. थंडीत घाला."