बी.ए.च्या फॉर्मवरची सही

आज शाळेत मुलांच्या फॉर्मवर फोटो चिकटवताना डिंकाचा वास आला आणि मी नाशिकच्या कॉलेजातल्या प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

बारावी सायन्सला मला चांगले मार्क पडले होते. माझे वडील, आप्पा, सिन्नरच्या कारखान्यात फिटर होते. मी फार्मसीला जावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी मात्र त्यांना न सांगता बी.ए.चा फॉर्म भरला होता. रांगेत ते सोबत होते; खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी तो पाहिला.

"हे काय भरलं तू?" त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"मला शिक्षिका व्हायचंय, आप्पा. भाषा, इतिहास, मानसशास्त्र, सगळंच थोडं थोडं शिकायचंय. मुलं काहीही विचारतात."

"पालकांची सही राहिलीय," क्लार्क म्हणाला. मागची माणसं चुळबुळत होती. आप्पांनी पेन उघडलं आणि कितीतरी वेळ नुसतंच धरून ठेवलं. मग सही केली. सिन्नरपर्यंत एसटीत ते एक शब्दही बोलले नाहीत.

तो राग आहे, असं मी तेव्हा धरून चालले. आता माझी मुलगी बारावीला आहे, आणि ती काळजी होती हे कळतं. बी.ए. करून काय होतं, हे आप्पांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या शब्दावर सही केली. मुलीच्या शब्दावर अशी सही करणं मला जमेल का, सांगता येत नाही.