पायाने गाणारे वसंतदादा

वसंतदादा एखादी ओळ किती वेळा गायची हे कधीच ठरवून येत नसत. ध्रुवपद एकदा म्हणायचे, मग पेटीवर हात ठेवून समोरच्या गर्दीकडे टक लावून बघत बसायचे आणि आम्ही साथीदार मागे ताटकळायचो. "मानसाचा चेहरा बगायचा, मिल्या. त्याचं पोट भरलं नसंल तर वल परत द्यायची." म्हसळ्याजवळच्या आमच्या बौद्धवाडीची गायनपार्टी त्यांनीच उभी केलेली. मी त्यात कीबोर्डवर. एरवी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरी.

दादांच्या घशात कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायची तारीख दिली. दादा माझ्याकडे आले ते थेट मुद्द्यावरच. कोरसची पोरं कामाधंद्याला पांगल्यावर मी पायाने बटणं दाबून त्यांचे भरून ठेवलेले सूर वाजवायचो, ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

"त्यात माजा आवाज भर."

"मोबाइलवर रेकॉर्ड करू की दादा. सोपं पडेल."

"ते सुरू झालं की सुटलं. मला पब्लिक बगून वल परत घ्यायची हाय. गला जातोय, पाय तर माजाच हाय ना."

त्यांच्या पडवीत आम्ही तो फूट कंट्रोलर, म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची पट्टी, मांडला. त्या पट्टीला स्वतःचा आवाज नसतो. बटण दाबलं की लॅपटॉपला निरोप जातो आणि गातो तो लॅपटॉप. सुरुवातीला निरोपच पोचेना. पट्टी एका चॅनेलवर बोलत होती आणि लॅपटॉप दुसऱ्याच चॅनेलवर कान लावून बसला होता. ते जुळलं, तर एक बटण दाबल्यावर दोन ओळी एकदम सुरू. दादा खोकत हसले, "आपल्या पार्टीत बी असंच व्हायचं." त्यांचा आवाज रोज चिरकत चालला होता आणि मी सेटिंगच करत बसलो होतो.

शेवटी एकेका बटणाला एकेक ओळ दिली. एकदा दाबलं की ओळ भरायची, पुन्हा दाबलं की वाजायची, दाबून धरलं की पुसली जायची. चपलेखाली दोन बटणं सापडत, म्हणून दादा अनवाणी उभे राहत. एकदा त्यांचा तोल गेला, पाय बटणावर तसाच राहिला आणि सगळ्यात सुंदर जमलेला अंतरा पुसला गेला. ते पुन्हा गायला उभे राहिले. वरचा सूर लागेना. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. दादांच्या पत्नी सुशीलावहिनी गरम पाण्याचा पेला घेऊन दारात नुसत्या उभ्या होत्या. अखेर जो फाटका अंतरा आला तोच ठेवला. "ऱ्हाव दे," दादा म्हणाले, "आता ह्योच माजा गला." मला त्या यंत्राचा, डॉक्टरांचा, सगळ्याचाच संताप आला. पुसायची सोय मी त्यानंतर काढूनच टाकली.

ऑपरेशननंतरच्या जयंतीला दादा गळ्याला पांढरा रुमाल बांधून स्टेजवर उभे राहिले. गर्दीकडे बघितलं, पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं आणि त्यांचा आवाज मैदानभर गेला. पुढून कुणीतरी "दादा, परत" म्हणालं, त्यांनी ओळ परत दिली. अंतऱ्याला मात्र जन्माची सवय आडवी आली. त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला, पायाचं विसरूनच गेले. ढोलकीवाला थांबला. मग दादांनी खाली बघून बटण शोधलं. तो फाटका अंतरा वाजला तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मलाही कीबोर्डच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

भातकापणीच्या दिवसांत दादा गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर वहिनींनी निरोप धाडला, ते यंत्र घेऊन ये. मी पडवीत सगळं जोडलं आणि एकेक बटण दाबत गेलो. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेवटची ओळ संपली तरी तशाच बसून राहिल्या.

"आजून?"

"एवढंच आहे, वहिनी. सगळी गाणी झाली."

"गानी व्हय. ती सगल्यांचीच," त्या म्हणाल्या. "मला 'अगं ए' म्हनून हाक मारायचे, ती न्हाय का भरली?"