पूर्वेकडे वळवलेलं लेथ मशीन

"हे कुणी हलवलं?"

भाजे गावातल्या त्या गोठ्यात पाऊल टाकल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार-चमत्कार नंतर झाले, आणि तेही धड झाले नाहीत. गोठ्यात गावातली बरीच माणसं जमली होती. मधोमध लेथ मशीन, त्यावर झेंडूचा हार, मोटरीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढ्यात नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स. आदल्या संध्याकाळी मी ते मशीन खिडकीपाशी बसवून, जमिनीतल्या बोल्टवर नट आवळून गेले होते. आता बोल्ट खिडकीपाशी नुसतेच जमिनीतून वर आलेले होते आणि मशीन गोठ्याच्या मध्यभागी, दुसऱ्याच दिशेला वळून उभं होतं.

"पूर्वेकडं तोंड पायजे ना मॅडम, पूजा हाय," सचिन म्हणाला. जसं काही मीच चूक करून गेले होते.

सचिन म्हणजे रोहिणीचा धाकटा दीर. चाकणला कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर. आणि मशीन होतं रोहिणीचं. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण त्या दिवशी गोठ्यात जमलेल्यांपैकी ते कुणाच्याच ध्यानात दिसत नव्हतं.

मी तळेगावच्या एका प्रशिक्षण संस्थेत टर्नर ट्रेडची इन्स्ट्रक्टर होते. रिटायर झाल्यावर लाकडाच्या लेथकडे वळले. लेथ म्हणजे लाकूड दोन टोकांना पकडून गरगर फिरवायचं आणि त्याला धारदार हत्यार लावून गोल आकार द्यायचा. लाटणं, रवी, भोवरा, खाटेचे पाय हे असेच होतात. ज्यांना नव्यानं हे काम शिकायचं असतं त्यांना मी मशीन निवडून देते, बसवून देते, हत्यारांना धार लावायला शिकवते. मावळात असं कुणी दुसरं नाही, त्यामुळे लोक माझा आरडाओरडा सहन करतात.

रोहिणीचा लेण्यांच्या वाटेवर स्टॉल आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना ती लाकडी खेळणी आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू विकते. माल बाहेरून यायचा, अर्ध्या भोवऱ्यांना आर तिरकी बसवलेली असायची आणि गिऱ्हाईकं तिलाच बोल लावायची. शेवटी तिनं ठरवलं, आपणच करायचं. स्टॉलमधून साठवलेल्यातून तिनं लेथ घेतलं. नवरा लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो, त्यानं 'घे' म्हटलं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, रिकामा गोठा दिला. मशीन यायच्या आधीच ती माझ्याकडे येऊन ग्राइंडरवर धार लावायला शिकून गेली होती. हात चांगला आहे तिचा. घाई करत नाही.

मशीन बसवताना मी तीन गोष्टींवर अडून बसते. पहिली, ते जमिनीला पक्कं हवं, कारण ओबडधोबड लाकूड फिरायला लागलं की अख्खं मशीन थरथरतं आणि मोकळं असेल तर चालायला लागतं. दुसरी, फिरणाऱ्या लाकडाचा मध्य काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर हवा, नाहीतर हत्यारावर ताबा राहत नाही. तिसरी, स्विच डाव्या हाताशी हवा. रोहिणी बुटकी आहे, म्हणून मी स्टँडचे पाय कापून आणले होते. तिला उभं करून, कोपराशी फूटपट्टी धरून उंची ठरवली होती.

आणि आता त्या कापलेल्या पायांखाली सिमेंटचे ठोकळे होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मला वाकावं लागत होतं," सचिन म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मशीन रोहिणीचं, उंची सचिनची. एका ठोकळ्याखाली बारदानाची घडी, कारण जमीन तिथं उतरती आहे. म्हणजे बोल्ट नाहीत, खाली ठोकळे, त्याखाली बारदान. स्विच पलीकडच्या बाजूला गेलेला, कारण मशीन वळवताना स्विचचा विचार कुणी केलाच नव्हता. वेग बदलायचा मोटरीचा पट्टा मी सगळ्यात मंद वेगावर लावून गेले होते, तो सगळ्यात जलद वेगावर नेलेला. आणि पहिल्या दिवसासाठी मी काढून ठेवलेला वाळलेल्या बाभळीचा सरळ तुकडा कोपऱ्यात फेकून, तिथं आंब्याचा सालीसकट ओला ओंडका चढवलेला. सचिनला पहिल्याच दिवशी देवघरासाठी कळस करायचा होता.

हत्यारं तरी मी सांगितलेली असावीत, तर तीही नव्हती. रोहिणीनं धार लावलेलं गॉज, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याची पटाशी, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेलं होतं. सचिननं एक जुनी कानस घासून तिला धार काढली होती. कानस कडक असते पण ठिसूळ. फिरत्या लाकडानं हिसका दिला की ती पापडासारखी मोडते. हे मी रोहिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सचिनला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सचिननं कुणाला विचारलंच नव्हतं.

पूजेला माझा विरोध नाही. खंडेनवमीला संस्थेतल्या मशीनांना मीही हार घातलेत. पण मशीन बंद असताना आणि जागच्या जागी. पूजेसाठी मशीनच उपटून फिरवायचं हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. बरं, लेथची पुढची बाजू कोणती यावरही तिथं सकाळी वाद झाला होता म्हणे. आबा म्हणत होते मोटर म्हणजे डोकं. सचिननं निकाल दिला, आणि मशीन फिरलं.

मी सांगितलं की असं मशीन चालू होणार नाही. आधी जागेवर नेऊ, बोल्ट आवळू, मग काय ते.

"मॅडम, मी रोज मशीनवर असतो. मला मशीन नका शिकवू."

"तुझ्या सीएनसीला दार आहे. दार लागल्याशिवाय ते सुरूच होत नाही. ह्याला दार कुठंय ते दाखव."

तो हसला आणि मित्रांकडे बघत राहिला. मी त्याला समजावलं की कारखान्यात येणारा लोखंडाचा बार मुळातच गोल असतो, हा ओंडका एका अंगाला जड आहे, जोरात फिरवला तर उडेल. आबा मध्ये पडले. म्हणाले, मुहूर्त टळतोय, नुसतं एकदा फिरवून बंद करू, मग तुमी काय ते आवळा. मी म्हटलं, मुहूर्त टळला तर दुसरा मिळतो. सगळ्यांना ते फार लागलं. एक बाई येऊन घरच्या कार्यात अपशकुन करते म्हणून कुणीतरी कुजबुजलंही.

रोहिणी आरतीचं ताट घेऊन भिंतीशी उभी होती. तिच्या मशीनचं उद्घाटन आणि तिच्या हातात ताट. तिला कुणी काही विचारलं नाही. खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आला होता, बोल्टचा त्यानंतर.

मी प्लग उपसला, कुणीही हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि नट आवळायचे पाने आणायला गाडीकडे गेले. रविवार. पाहुण्यांच्या गाड्यांनी गल्ली भरलेली, त्यामुळे माझी गाडी पार मळवलीच्या रस्त्याला लावलेली. पाने घेऊन परत निघाले तोवर गोठ्यातून मोटरीचा आवाज यायला लागला. मग धडधड, धडधड, आणि एक मोठा आवाज. मी पळाले. ह्या वयात पळाले.

आत गेले तेव्हा मशीन एका ठोकळ्यावरून घसरून तिरकं झालं होतं. ओंडका पत्र्यावर आदळून शेणाच्या खड्ड्यापर्यंत गेला होता. कानशीचे दोन तुकडे. सचिन जमिनीवर बसून मनगट धरून होता आणि चेहरा पांढरा पडला होता. लाकडानं कानस ओढली, ती मोडली आणि त्याचा हात हत्यार टेकवायच्या लोखंडी पट्टीवर आपटला होता. स्विच पलीकडे, मशीन हलतंय, कुणाची जवळ जायची छाती होईना. रोहिणीनं ताट टाकलं आणि भिंतीवरचा प्लग ओढला. म्हणून तेवढ्यावर निभावलं.

लोणावळ्याला नेऊन एक्स-रे काढला. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं. गाडीत मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर डॉक्टरला आणखी एक पेशंट मिळाला असता.

मला वाटलं, आता तरी धडा मिळाला. थोड्याच दिवसांत आबांचा फोन आला.

"मॅडम, त्या मशीनला गिऱ्हाईक बघा. बाईमाणसाचं काम न्हाई ते."

मी विचारलं, मग मी कोण आहे. ते म्हणाले, तुमची गोष्ट निराळी. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे. मी म्हटलं, मशीनवर होता पुरुष, हात मोडला पुरुषाचा, मग काम बाईचं नाही हे कसं ठरलं? आबांनी फोन ठेवून दिला. मी गाडी काढली.

पडवीत सचिन हात गळ्यात बांधून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की मशीनच डिफेक्टिव्ह आहे. लेथवर ताडपत्री घातलेली. मी तोंडाचा पट्टा सोडला. बोल्ट, ठोकळे, पट्टा, कानस, सगळं पुन्हा एकदा काढलं. आवाज चढला तसे शेजारचे दारात येऊन उभे राहिले. आबा मान खाली घालून ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "ते सगळं खरं असंल मॅडम. पर घरात एकाचा हात मोडला. उद्या सुनेचा मोडला तर लोक मला इचारतील."

भीती खरी होती. मला राग आला होता, पण त्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज खोटा नव्हता.

तेव्हा रोहिणी आतून बाहेर आली. हात पदराला पुसत होती. आवाज मुळीच चढवला नाही.

"आबा, गेल्या साली भाऊजी कार्ल्याच्या फाट्याला गाडीवरून पडले. पाय मोडला. तवा गाडी विकली का?"

आबांनी सचिनकडे बघितलं.

"न्हाई विकली. नवी नंबरप्लेट लावून आणली. मग माझं मशीन का विकायचं? मी तर त्याला अजून हात बी लावला न्हाई."

सचिननं मोबाईल काढला. आबांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि शेताकडे चालू लागले. हो नाही, नको नाही. रोहिणी म्हणाली, चला मॅडम, व्हय म्हनलेत ते. त्या घरची भाषा तिला माहीत. मी मानलं.

रोहिणीचा नवरा ड्यूटीवरून आला तसे आम्ही तिघांनी मिळून मशीन पुन्हा खिडकीपाशी नेलं. ठोकळे बाहेर. लेव्हल बघितली, नट आवळले, मी स्वतः मशीनला धक्का मारून बघितला. पट्टा सगळ्यात मंद वेगावर. रोहिणीला हिरव्या बांगड्या काढायला सांगितल्या असत्या तर घरात नवा तंटा, म्हणून तिनं त्या घट्ट बाहीच्या आत कोंबल्या आणि मला हात फिरवून दाखवला. चालेल, म्हटलं. तिनं कामाचा चष्मा घातला, पदर खोचला.

बाभळीचा तोच तुकडा चढवला. तिनं स्विच दाबला आणि गॉज टेकवलं. सुरुवातीला लाकूड ठकठक वाजतं, कारण चौकोनाचे कोपरे हत्यारावर आदळत असतात. ती दचकली, पण हात मागे घेतला नाही. हळूहळू ठकठक कमी झाली, भुसा लांब सालींसारखा निघायला लागला आणि आवाज एकसारखा झाला. म्हणजे लाकूड गोल झालं. तिनं मशीन बंद करून त्यावर बोटं फिरवली आणि बराच वेळ फिरवतच राहिली.

लाटणं काही देखणं झालं नाही. मधे फुगीर, एक मूठ लांब, एक आखूड. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "दिसतंय मला," आणि दुसरा तुकडा चढवायला घेतला.

तेवढ्यात सचिन प्लॅस्टरचा हात घेऊन दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, पट्टा जरा फास्टवर घेतला तर फिनिश चांगलं येईल. मी त्याला बाहेर जायला सांगितलं. तो हलला नाही. मग रोहिणी मागे न बघता म्हणाली, "भाऊजी, उजेड अडतोय." आणि तो गेला.

तेव्हापासून मी कामाची पद्धत थोडी बदलली आहे. कुणी पहिलं लेथ बसवायला बोलावलं की आधी जागा बघत नाही, लाइट बघत नाही. सगळ्यांसमोर विचारते, पहिल्या दिवशी हे चालू कोण करणार? ज्यानं मशीन घेतलंय त्यानंच 'मी' म्हटलं तर काम सुरू. उत्तर घरातल्या दुसऱ्या कुणी दिलं, तर मी बोल्टची भोकं पाडायचं ड्रिल गाडीतून उतरवत नाही.