दोन फेरे, मग थांबायचं

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी झोपणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. दुपारी झोपणारी माणसं मला आवडत नाहीत. पण शाळा बंद, नेट बंद, रस्त्यावर जमावबंदी, पंखा नुसती गरम हवा ढकलतोय, आणि मी फरशीवर दप्तराची उशी करून पालथी पडले आहे. कॉटखाली हात घातला की जुन्या साडीत गुंडाळलेली पाण्याची चावी लागते. माझ्या खांद्याइतकी उंच लोखंडी कांब, वर आडवी मूठ. रस्त्यावरच्या चेंबरमध्ये ही चावी घालून फिरवली की व्हॉल्व्ह उघडतो आणि त्या आळीच्या नळांना पाणी येतं. बावीस वर्षं ती बाबांच्या खांद्यावर होती. श्रावणात बाबा गेले, तेव्हापासून आईच्या.

पाच दिवसांपूर्वी नगरपंचायतीचा निकाल लागला. दगडफेक झाली, दोन दुकानं जळाली. दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्यांपैकी एक जण आईला म्हणाला, खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बिघडलाय असं सांगायचं, आणि उघडायचा नाही. व्हॉल्व्हला काहीही झालेलं नाही. खालच्या आळीने त्यांना मतं दिली नव्हती, एवढंच. आईची नोकरीची ऑर्डर तात्पुरती आहे, जूनमध्ये कायम व्हायची आहे. ती रोज सकाळी बाकीच्या आळ्यांना पाणी सोडते, घरी येते आणि चावी प्रेतासारखी गुंडाळून कॉटखाली सरकवते.

माझी बेंचवरची मैत्रीण मुस्कान खालच्या आळीत राहते. नेट जायच्या आधी तिचा शेवटचा मेसेज आला: तुझा वक्तृत्वाचा कप पाठवून दे, त्यात पाणी भरून. खाली हसणारं तोंड. मी उत्तर लिहून पुसलं, परत लिहून पुसलं, तेवढ्यात नेट गेलं.

पंखा थांबतो. लाईट गेली असं मला वाटतं, आणि बाबा दारात चपला काढताना दिसतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांना चिखल. मला अजिबात नवल वाटत नाही. मी एवढंच म्हणते की चिखल आत आणू नका, आईने आत्ताच पुसलंय. ते खरंच चवड्यांवर चालत येतात आणि माझ्याशेजारी बसतात.

मी लगेच कपाबद्दल सांगायला लागते. तालुक्यात पहिली आले, विषय होता माझा आदर्श, आणि मी त्यांच्यावरच बोलले. पूर्वी फळ्यापाशी उभं केलं तरी मी परत जागेवर पळायचे, आणि आता माझ्या हातातून माईक परत घ्यायला शिपाई पाठवावा लागतो.

"ऐकव की मग," बाबा म्हणतात.

मी स्टेजवर आहे. तालुक्याचं तेच सभागृह. फक्त खुर्च्यांवर माणसांऐवजी हंडे, घागरी, प्लास्टिकचे डबे बसलेत. पहिल्या रांगेत मुस्कानच्या घरची निळी कळशी. मी हात वर करून सुरू करते. गावात काहीही होवो, माझ्या बाबांनी एक दिवसही कुणाचं पाणी बंद ठेवलं नाही. याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या, सगळ्यात जोरात मुस्कानच्या. आता एक हंडासुद्धा वाजत नाही.

"ते वाक्य काढ," बाबा पडद्याआडून हळूच म्हणतात.

"का?"

"ठेवलं होतं मी."

माझ्या पायाखाली स्टेज नाही, चेंबरचं गोल झाकण आहे. खालच्या आळीचं तोंड. लख्ख ऊन, पण भिंतींना सावल्या नाहीत. बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेत आणि दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं सांगतायत. माझ्या जन्माच्या आधी अशीच निवडणूक झाली होती. असाच तोंडी हुकूम आला होता, आणि तेव्हा तेही तात्पुरतेच होते. दोन दिवस त्यांनी हे झाकण उचललं नाही. तिसऱ्या दिवशी उचललं. धीर आला म्हणून नाही म्हणे. इथून जाताना मान खाली घालावी लागायची, ती दुखायला लागली म्हणून.

मला इतका राग येतो की रडूच येतं. मी विचारते, मग कप परत करू का.

"ठेव. चहा पीत जा त्यातून."

मला हसायचं नाहीये. मी त्यांना सगळं एका दमात सांगून टाकते. आज उघडलं तर उद्या ते परत बंद करतील. आईची नोकरी जाईल. परत दगड पडतील, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा हेच. मी दहावीत आहे बाबा, मला भाषण करता येतं, बाकी काय येतं.

"हो," बाबा म्हणतात. "होईल तसं."

मी त्यांच्या 'पण'ची वाट बघते. पण येत नाही. ते झाकण सरकवतात आणि चावी माझ्या हातात देतात. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं.

"चार दिवस बंद असलेली लाईन आहे, शरू. एकदम उघडायची नाही. दोन फेरे, मग थांबायचं. आत हवा साठलेली असते, ती आधी जाऊ दे. घाई केलीस तर पाइप फुटेल, आणि मग त्यांचंच खरं होईल."

"किती वेळ थांबायचं?"

"फुसफुस ऐकू येते. ती संपेपर्यंत."

"आणि नाहीच संपली तर?"

बाबा पोटरीवरचा वाळलेला चिखल नखाने काढत बसतात. मी मूठ धरून जोर लावते. एक फेरा. तळहात सोलवटतात. दुसरा. रस्त्याखाली कुणीतरी खूप दिवसांनी श्वास सोडावा तसा आवाज सुरू होतो. मी बाबांना सांगायला वळते, तर तिथे आमच्याच घराची भिंत आहे, आणि तो आवाज वरून येतोय. पंख्याचा.

लाईट आली आहे. मी अर्धी कॉटखाली आहे. साडी सुटलेली, चावीची मूठ माझ्या दोन्ही हातांत, आणि दोन्ही तळहातांवर गंजाचा तांबडा पट्टा. आई उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघतेय. तिचं जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

मी म्हणते, बाबा आले होते. त्यांनीपण एकदा पाणी बंद ठेवलं होतं म्हणाले, दोन दिवस.

आई ताटावरचं झाकण सरळ करते.

"त्यांनी नाही," ती म्हणते. "मी अडवलं होतं. नोकरी पक्की होऊ दे म्हटलं. मला कधी बोलले नाहीत त्यावरून."

आत्ता हातात माईक असता तर तो मीच परत दिला असता. मी हात धुवायला उठते.

"राहू दे," आई पदर खोचत म्हणते. "परत घाण होणारच आहेत." आणि ती चावीचं दुसरं टोक उचलते.