हळदीचा डाग

सकाळी प्रयोगशाळेत हळदीचा अर्क गाळताना आमच्या विभागप्रमुखांच्या पांढऱ्या शर्टावर थेंब उडाला. मी त्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहतच राहिले.

जमिनीखालच्या कंदाला पळता येत नाही. कीड येवो, बुरशी येवो, तो तिथेच असतो. मग त्याच्यातली एन्झाइम अंधारात मुकाट कामाला लागतात. एकसारखे दोन तुकडे घेतात, मध्ये छोटासा दुवा घालून जोडतात आणि हा पिवळा रंग तयार होतो. आपण त्याला औषध म्हणतो. कंदाने मात्र तो कुरतडणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो.

ही जोडणी कशी होते ते शोधायला मी तीन वर्षं खपले. छापून आलेल्या शोधनिबंधावर नाव एकट्या सरांचं आहे. मीही कुठे गेले नाही, त्याच टेबलाशी बसते.

"काय गं, हा डाग कशाने जाईल?" सरांनी विचारलं.

हळदीचा डाग उन्हात आपोआप उडतो आणि साबणाने लालभडक होतो, हे स्वतःचे कपडे कधीच न धुतलेल्या माणसाला कुठून कळणार?

"साबण लावा, सर," मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आणि खसाखसा चोळा."